उमरीकर सरांची न तुटणारी संख्या

किस्से कुणी मुद्दाम जमवत नाही. फळा पुसताना खडूची पूड कुठं दिसते? घरी आल्यावर बायको ओरडते, "अहो, आधी बाही झटका, मग आत या!" तेव्हा कळतं, केवढी बसलीय. किस्स्यांचं तसंच असतं.

मी नारायणगुड्याजवळच्या एका कॉलेजात गणित डिपार्टमेंटचा अटेंडर होतो. तीस वर्षं. शाळेचं तोंड पाहिलं नाही. जी काही अक्षरं आणि आकडे येतात ती फळ्यावर शिकलो, तीही पुसता पुसता.

आता ही पूड झटकायला बसलो, कारण गेल्या महिन्यात आमचे उमरीकर सर सिकंदराबादच्या एका दवाखान्यात होते. बाथरूममध्ये पाय घसरला, डोकं आपटलं, आत रक्त साचलं. ऑपरेशन ठरलं. डॉक्टर म्हणाले, "जीव वाचेल. पण डोकं पहिल्यासारखं चालेल का, ते मी आज सांगू शकत नाही."

पुढचे आठ दिवस आम्ही चौघं वॉर्डाबाहेरच्या बाकावर होतो. सरांच्या पत्नी, माई. स्टॅटिस्टिक्सचे ताहेर साहेब, सरांचे जुने जोडीदार. विजया मॅडम, डिपार्टमेंटमधल्या सर्वांत धाकट्या, म्हणजे आता साठीच्या. आणि मी, नरसिंग. गप्प बसवत नव्हतं. म्हणून आम्ही एकमेकांना जुने किस्से सांगत होतो. आणि गंमत बघा, जो काढावा तो किस्सा एकाच संख्येपाशी यायचा! सात कोटी एकोणचाळीस लाख एकोणचाळीस हजार एकशे तेहतीस.

* * *

माझा नोकरीचा पहिला दिवस. हेडक्लार्क म्हणाला, "फळा चकाचक पाहिजे." मी केला चकाचक. वरच्या कोपऱ्यात चौकट आखून आठ आकडे लिहिले होते, तेही पुसले.

ताहेर साहेब आत आले, फळ्याकडं बघितलं आणि डोक्याला हात लावला. "या अल्ला! ये कोना किनें पोंछा?"

"मैं पोंछा, साब."

"गई तेरी नौकरी, मियाँ!"

घरी आई आजारी, नोकरी मोठ्या मिनतवारीनं लागलेली. तेवढ्यात सर आले. बारीक अंगाचे, शर्टाच्या खिशात खडूचे तुकडे. त्यांनी रिकाम्या कोपऱ्याकडं बघितलं. मी हात जोडून म्हटलं, "सर, चुकलं. परत लिहून द्या, जिवापाड जपतो."

सरांनी लिहिलं. ७३९३९१३३. मग डस्टर माझ्याच हातात दिलं. "आता शेवटचा आकडा पुसा."

मी कशाला पुसतोय! "पुसा हो, नरसिंगराव!" म्हणाले. आयुष्यात मला पहिल्यांदा कुणी 'राव' म्हटलं होतं. पुसला.

"राहिली तिचे समान वाटे पडतात का? एकेकाचे वाटे सोडून? नाही पडत. ती तुटत नाही. आणखी एक पुसा."

असं करत करत मी शेवटून सगळे आकडे पुसले. दर वेळी सर म्हणायचे, "ही पण नाही तुटत." शेवटी फळ्यावर नुसता सात उरला. तोही तुटत नाही!

मग सरांनी सगळी संख्या परत लिहिली. "आता सगळ्यांत पुढचा सात पुसा." पुसला. सरांनी भागाकार मांडला आणि ती अकरानं साफ तुटली. बाकी शून्य.

"बघितलंत? घाई असेल तर शेवटून पुसत जा. पुढून हात लावू नका!"

नोकरी राहिली. रोज सकाळी फळा धुवायचा आणि कोपऱ्यात ते आठ आकडे लिहायचे, हे माझं काम झालं. रिटायर होईपर्यंत.

* * *

'तुटत नाही' म्हणजे काय, हे मला खरं कळलं ते खुर्च्यांवरून.

कॉलेजचं गॅदरिंग. पाहुण्यांच्या खुर्च्यांचं काम गणित डिपार्टमेंटकडं. सरांनी चिठ्ठी दिली, त्र्याहत्तर. मी नऊ-नऊच्या आठ रांगा लावल्या, एक खुर्ची उरली. दहा-दहाच्या सात लावल्या, तीन उरल्या. बाराच्या सहा लावल्या, परत एक! घामानं शर्ट भिजला. मला वाटलं, हॉलमध्येच काहीतरी आहे. आमच्या गावाकडं असल्या उरणाऱ्या वस्तूला वाईट समजतात. ताहेर साहेब मदतीला आले, त्यांचीही एक उरली. तिकडं गेटवर पाहुण्यांची गाडी आली!

सर चहाचा कप घेऊन शांतपणे आले. "त्र्याहत्तर का? एकच रांग लागेल."

लावली. स्टेजपासून सुरू झाली ती दारातून बाहेर, व्हरांड्यातून पाण्याच्या टाकीपर्यंत. प्रिन्सिपॉल लालबुंद. "उमरीकर, हा काय तमाशा आहे?"

"सर, त्र्याहत्तर आहेत. दुसरा उपाय नाही."

"अहो, मग एक खुर्ची उचलून बाजूला ठेवा ना!"

डिपार्टमेंटची सहा माणसं तिथं उभी होती. सगळी डॉक्टरेटवाली. एकाच्याही डोक्यात हे आलं नव्हतं!

* * *

विजया मॅडम नव्यानं लागल्या तेव्हा चिक्कडपल्लीहून बसनं यायच्या, पदराला पिन, हातात टिफिन. कुणीतरी त्यांना सांगितलं, शेवटून पुसत गेलं तरी न तुटणारी अशी ही सगळ्यांत मोठी संख्या. हिच्या शेवटाला नववा आकडा जोडला की ती तुटलीच.

"ऐकीव गोष्ट मी मानत नाही. मी बघते," मॅडम म्हणाल्या.

दोन, चार, सहा, आठ, शून्य जोडले तर दोननं तुटते. पाच जोडला तर पाचनं. एक किंवा सात जोडला तर तीननं. इथपर्यंत मलासुद्धा जमलं, आकड्यांची बेरीज केली की कळतं. उरले दोघं, तीन आणि नऊ.

त्या दोघांनी मॅडमना रडवलं. कॅल्क्युलेटर घेऊन लहानापासून एकेका संख्येनं भागत बसायच्या. टिफिन भरलेलाच परत जायचा. मला तेलुगूत 'गारू', म्हणजे राव, म्हणायच्या. रोज सांगायच्या, "आज नाही तुटली, नरसिंग गारू. ही जगणार बघा!" जशी काही कुणाची तब्येतच!

एका दुपारी स्टाफरूममधून बाहेर आल्या तर चेहरा पांढराफटक. मला वाटलं, घरून वाईट बातमी आली. माझ्याच स्टुलावर मटकन बसल्या. "अय्यो, दोन्ही तुटल्या हो. हिच्यापुढं काहीच नाही!"

खरं सांगतो, मलाही भीती वाटली. संख्या संपत नाहीत म्हणतात. आणि ही एवढी धट्टीकट्टी संख्या, हिचा रस्ता असा मधेच बंद? मी सरांना विचारलं, "सर, तुम्हाला नाही भीती वाटत?"

"वाटते ना," सर म्हणाले. "म्हणून तर रोज तुमच्याकडून लिहून घेतो!"

* * *

आता दवाखान्याचं. सर पडले त्या सकाळी माईंचे हात एवढे कापत होते की फॉर्म भरता येईना. सरांनीच व्हीलचेअरवर बसून, डोक्याला पट्टी, फॉर्म भरला. जवळच्या माणसाचा फोन नंबर लिहायचा होता. सरांनी लिहिलं, ७३९३९१३३.

काउंटरवरची मुलगी म्हणाली, "अंकल, दो नंबर कम हैं."

"कम नहीं हैं, बेटी. इसके आगे जगह ही नहीं है."

मुलीनं नर्सकडं बघितलं. नर्सनं फॉर्मवर काहीतरी खूण केली. ताहेर साहेब काउंटरवर जवळजवळ चढलेच. "अम्मा, वो नक्को लिखो! ये तो इनका नॉर्मल है!"

मी पटकन माझा मोबाइल नंबर दिला. पण ती खूण काही कुणी खोडली नाही. त्या खुणेची भीती माझ्या मनात बसली ती बसलीच. तिथं माणसाला कागदावर जे लिहिलंय तेच समजतात.

* * *

रोज सकाळी एक तरुण डॉक्टर यायचा, सरांचं डोकं तपासायला. आज वार कोणता? सरांना माहीत नाही. आता तुम्ही सांगा, रिटायर माणसाला वार कशाला लागतो? तारीख कोणती? माहीत नाही. माईंनी डोळे मिटून घेतले.

मग डॉक्टर म्हणाला, "शंभरातून सात वजा करा. उत्तरातून परत सात. असं करत जा."

आम्ही सगळे सावरून बसलो. हे तर घरचंच झालं!

सर म्हणाले, "कुठपर्यंत?"

"करत राहा."

"त्र्याण्णव, शहाऐंशी, एकोणऐंशी..." सर निघाले. डॉक्टरनं दोन-तीन ऐकली आणि फाइलमध्ये मान घातली. मध्ये फोन आला, तो बोलत दारापर्यंत गेला. सर आपले चालूच. सोळा, नऊ, दोन. डॉक्टर परत आला तेव्हा सर म्हणत होते, "उणे चाळीस, उणे सत्तेचाळीस, उणे चोपन्न..."

"अंकल, बस! काय करताय?"

"तुम्ही कुठपर्यंत ते सांगितलं नाही. सात बऱ्याचदा जातो."

डॉक्टरनं काहीतरी लिहिलं. ताहेर साहेबांनी मान लांब करून वाचलं आणि बाहेर येऊन भिंतीला टेकले. "पेशंट गोंधळलेला, लिखा उनें."

मॅडम म्हणाल्या, "एक तरी चुकलं का सरांचं?"

"एक नै चुका. वोइच तो डर है. यहाँ सही बोलने वाले कोइच गोंधळलेला बोल रैं!"

* * *

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी डॉक्टरनं आम्हाला बसवून सांगितलं. शुद्धीवर आल्यावर पेशंट बोलतो, पण कधी कधी क्रम उलटसुलट होतो. शब्दांचा, आकड्यांचा. काहींचा नंतर सुधारतो, काहींचा तसाच राहतो. "त्यांना पाठ असलेलं काहीतरी विचारून बघा. लगेच कळेल."

पाठ असलेलं म्हणजे काय, हे आमच्यात कुणी कुणाला विचारलं नाही. प्रश्न एवढाच, विचारायचं कुणी?

मॅडम म्हणाल्या, "माझ्यानं होणार नाही. एक आकडा चुकला तर मी तिथंच रडेन, आणि सर ओळखतील."

ताहेर साहेब म्हणाले, "मेरे से नै होता, भई. उनकू बचपन से जानतौं मैं." हे खोटं होतं. ओळख नोकरीतली होती. पण घाबरलेल्या माणसाला कोण टोकणार?

मी माईंकडं बघितलं. माई पिशवीतली कोथिंबीर निवडत होत्या. दवाखान्याच्या बाकावर कोथिंबीर! घरून येताना जे हाताला लागलं ते घेऊन आल्या होत्या. खाली बघतच म्हणाल्या, "माझं नाव विसरले तर मी सांगेन त्यांना. रोज सांगेन. पण ती संख्या विसरले, तर आपण विसरलो एवढं त्यांना कळेल. मग काय सांगू मी?"

 

शेवटी तिघांनी माझ्याकडं बघितलं. ताहेर साहेब म्हणाले, "नरसिंग भाई, तुमी जाओ. तुमी रोज लिख्खे, तुमीच पूछो."

तीस वर्षं फळा पुसला, एवढी भीती कधी वाटली नव्हती.

* * *

ऑपरेशन झालं. दोन दिवस सर नुसते छताकडं बघत होते. तिसऱ्या दिवशी सकाळी नर्स म्हणाली, आता बोलतात, एकानं आत जावं.

मी गेलो. मॅडमच्या वहीतलं पान आणि पेन्सिल हातात. सरांचं डोकं पांढऱ्या पट्टीत, डोळे मिटलेले. एवढेसे दिसत होते.

"सर, मी नरसिंग."

"हं."

"सर... ती कोपऱ्यातली संख्या सांगता का? लिहायची होती."

मशीन टिक टिक करत होतं. मग ओठ हलले.

"तीन."

माझ्या हातातली पेन्सिल थांबली. आमची संख्या सातनं सुरू होते. पण मी लिहिलं. दुसरं काय करणार?

"तीन. एक. नऊ. तीन. नऊ. तीन. सात."

मी "बरं सर" म्हटलं आणि बाहेर आलो.

बाकावर पान ठेवलं. ३३१९३९३७. ताहेर साहेबांनी एकदा बघितलं आणि तोंड फिरवलं. मॅडम म्हणाल्या, "थांबा. कदाचित ही सरांना नवीन सापडली असेल. तुटत नसली तर सरांचं डोकं जाग्यावर आहे." आवाज असा, की स्वतःलाच समजावत होत्या.

भागायला बसल्या. दोननं नाही जात. आकड्यांची बेरीज अडतीस, म्हणजे तीननं नाही. शेवटी सात, म्हणजे पाचनं नाही. मग सात. तिथं मॅडमचा हात थांबला. म्हणाल्या, पाणी पिऊन येते. आल्या. अर्धा भागाकार केला, खोडला, म्हणाल्या अक्षर वाकडं झालं. परत मांडला, परत खोडला. ताहेर साहेबांनी पान ओढून घेतलं, पेन्सिलचं टोक मोडलं, ते नव्या पेन्सिलसाठी खाली दुकानात गेले आणि दहा मिनिटं आलेच नाहीत. पुढं जायला कुणाचीच छाती होईना.

अर्ध्या तासानं भागाकार पुरा झाला. बाकी शून्य. सातनं तुटली.

माई उठल्या. बाकाच्या पलीकडून येऊन पानावर वाकल्या. त्यांना भागाकाराशी देणंघेणं नाही, पण चाळीस वर्षं घरात तीच संख्या ऐकलेली. त्यांनी शेवटच्या सातवर बोट ठेवलं आणि मागं मागं सरकवत नेलं. "सात, तीन, नऊ, तीन, नऊ, एक, तीन, तीन. अहो, हे उलटं सांगितलंय."

आम्हाला आनंद व्हायला हवा होता. पण डॉक्टर काय म्हणाला होता? आकड्यांचा क्रम उलटसुलट होतो. काहींचा तसाच राहतो. नेमकं तेच झालं होतं! मॅडमनी माईंचा हात धरला. ताहेर साहेब भिंतीकडं तोंड करून उभे राहिले. मी म्हटलं, परत एकदा विचारून येतो.

आत गेलो. काय विचारावं, कसं विचारावं, सुचेना. सर, तुमचं डोकं उलटं झालं का, असं विचारायचं? मी पलंगाच्या कडेला उभा राहिलो आणि जे सुचलं ते बोललो.

"सर, तुम्ही सांगितलेली संख्या तुटली."

सरांनी डोळे उघडले नाहीत. "सातनंच ना?"

"हौ सर. सातनंच. मॅडमनी भागली."

"कधी?"

"आत्ता. तुम्ही सांगून अर्धा तास झाला असेल."

सरांनी एक डोळा उघडला आणि दाराकडं बघितलं.

"चौथ्या भागाकाराला अर्धा तास? जा, आधी त्या मॅडमचं डोकं तपासायला सांगा!"